कारखान्यात नवी पद्धत रुजवायची असेल तर

हा लेख शंभर ते तीनशे माणसांचे कारखाने चालवणाऱ्या व्यवस्थापकांसाठी, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांसाठी आणि मालकांसाठी लिहिला आहे. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, कुपवाड अशा औद्योगिक वसाहतींत या आकाराचे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत कोणता ना कोणता बदल सतत चालू असतो. कुठे पाळ्यांची फेररचना होते, कुठे नवे मशीन येते, कुठे ग्राहक कंपनीच्या आग्रहाखातर तपासणीची नवी पद्धत लागू होते. बोलणे मोघम राहू नये म्हणून येथे एकच उदाहरण घेतले आहे. मशीन शॉपमधले कागदी उत्पादन रजिस्टर बंद करून मशीनशेजारी बसवलेल्या टॅबलेटवर नोंदी घ्यायच्या आहेत, असे समजू. वरवर पाहता हा बदल किरकोळ आहे. प्रत्यक्षात असे टॅबलेट वर्षभरात धूळ खात पडलेले आणि रजिस्टर पुन्हा टेबलावर आलेले अनेकांनी पाहिले असेल.

माझे म्हणणे आधीच सांगतो. नवी पद्धत टिकेल की नाही, हे सॉफ्टवेअरच्या किमतीवर किंवा प्रशिक्षणाच्या तासांवर फारसे अवलंबून नसते. अडचणीची, चुकीची किंवा साहेबांना न आवडणारी गोष्ट नोंदवणाऱ्या माणसाला त्यानंतर कशी वागणूक मिळते, यावर ते बरेचसे ठरते. कामाच्या ठिकाणची संस्कृती म्हणतात ती कारखान्यात या एका जागी सर्वांत स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच बदलाची तयारीही तिथूनच सुरू करावी.

आधी जुने रजिस्टर नीट वाचा

रजिस्टरच्या एका ओळीत साधारणपणे मशीनचा क्रमांक, भागाचा क्रमांक, चांगले नग, नाकारलेले नग, मशीन बंद राहिल्याची मिनिटे आणि त्याचे कारण असे रकाने असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांची पाने घेऊन फक्त शेवटचे दोन रकाने वाचावेत. बऱ्याच ठिकाणी ‘टूल चेंज’, ‘सेटिंग’, ‘इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) बदलला’ ही कारणे पानोपानी सापडतात आणि ‘कास्टिंग (ओतीव भाग) आले नाही’, ‘गेज (माप तपासण्याचे साधन) दुसऱ्या मशीनवर होते’, ‘क्रेनसाठी थांबलो’, ‘पहिला नग तपासायला क्वालिटीचे कोणी आले नाही’ अशी कारणे क्वचितच दिसतात. त्याच मशीनशेजारी दोन पाळ्या उभे राहून पाहिले, तर प्रमाण अनेकदा उलटे निघते. हा फरक ऑपरेटरच्या आळसातून आलेला नसतो. टूल बदलणे हे त्याचे स्वतःचे काम असल्यामुळे ते कारण लिहिल्याने कोणी दुखावत नाही. ‘कास्टिंग आले नाही’ असे लिहिले की मात्र स्टोअर, प्लॅनिंग आणि सुपरवायझर या तिघांना संध्याकाळच्या बैठकीत उत्तर द्यावे लागते, आणि त्याचे पडसाद दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतात.

मिनिटांचे आकडेही बोलके असतात. बंद वेळ जवळजवळ नेहमी दहा, पंधरा किंवा तीस मिनिटेच असेल, सत्तर मिनिटांचा ब्रेकडाऊन तीन तुकड्यांत वाटून लिहिलेला असेल आणि संपूर्ण पाळीचे पान एकाच पेनाने, एकाच हातवळणाने, सलग लिहिलेले असेल, तर ते पान पाळी सुटताना शेवटच्या दहा मिनिटांत भरले आहे असे खुशाल समजावे. टॅबलेट बसवल्याने यातले काहीही आपोआप बदलत नाही. खोटी नोंद जलद होते, इतकेच.

रजिस्टर वाचून झाल्यावर माणसांशी बोलावे, आणि तेही केबिनमध्ये बोलावून घेऊन नव्हे. तिन्ही पाळ्यांत, विशेषतः रात्रपाळीत जावे, कारण दिवसाच्या पाळीत नियमाने चालणाऱ्या कितीतरी गोष्टी रात्री माणसांनी आपापसांत ठरवलेल्या असतात. विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. ही नोंद कोण वाचते असे तुम्हाला वाटते? मागच्या वेळी खरे कारण लिहिले तेव्हा काय झाले? तुम्ही स्वतःसाठी वेगळे काही लिहून ठेवता का? या शेवटच्या प्रश्नावर एखादे वेळी जुन्या सेटरच्या, म्हणजे मशीनची जुळणी करणाऱ्या कारागिराच्या, खिशातून एक लहान डायरी बाहेर येते, ज्यात कोणत्या फिक्स्चरला (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाला) किती ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, द्यावा लागतो, कोणत्या पुरवठादाराचे कास्टिंग कडक निघते, कोणत्या मशीनला पावसाळ्यात काय होते, असे कारखान्याच्या अधिकृत कागदांत कुठेही नसलेले ज्ञान असते. ती डायरी लगेच मागू नये. ती आहे एवढे लक्षात ठेवावे.

आणखी एक यादी या टप्प्यावर करून ठेवावी: गेल्या पाच वर्षांत या कारखान्यात गाजावाजा करून काय काय सुरू झाले आणि कधी थंडावले. सूचनापेटी, फाईव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे) फलक, महिन्याचा उत्कृष्ट कामगार, सकाळची पाच मिनिटांची सभा. व्यवस्थापनाला ही यादी आठवत नाही, पण शॉपमधल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असते. ‘हेही दिवाळीपर्यंतच’ असे कोणी म्हणाले तर तो विरोध म्हणून नोंदवू नये, कारण तो माणूस अनुभवाने बोलत असतो.

कोणाचे काय जाणार आहे, ते लिहून काढा

बदलामुळे होणाऱ्या फायद्यांची यादी विक्रेता देतोच. तोट्यांची यादी आपल्याला स्वतः करावी लागते, आणि ती पदांप्रमाणे नव्हे तर माणसागणिक करावी. ज्या ऑपरेटरचा घरखर्च ओव्हरटाइमवर चालतो त्याला नोंदी अचूक झाल्या की ओव्हरटाइम कमी होईल अशी भीती असते, आणि ती निराधार नसते. रजिस्टरवरून संगणकात आकडे भरणाऱ्या लिपिकाचे कामच जाणार असते. जुन्या सेटरचा मान त्याच्या डायरीत असतो. सुपरवायझरला दोन पाळ्यांच्या आकड्यांत थोडे इकडचे तिकडे करून महिना सांभाळण्याची जी मोकळीक आजवर होती, ती संपणार असते. मालकाचेही काहीतरी जाते, आणि ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. थेट ऑपरेटरला फोन करून ‘आज किती झाले?’ विचारण्याची आणि त्यावरून दिवस ठरवण्याची त्यांची सवय त्यांनाच सोडावी लागणार असते.

यातल्या ज्या तोट्याची भरपाई करता येईल, ती कशी करणार हे बदल जाहीर करण्यापूर्वी ठरवावे. जी करता येणार नाही, ती तसे स्पष्ट सांगावी. लिपिकाला प्लॅनिंगमध्ये किंवा डिस्पॅचमध्ये घेणार असाल, तर त्याला ते गेटवरच्या सूचनेतून कळता कामा नये. ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ हे वाक्य मालक लेखी द्यायला तयार असतील तरच उच्चारावे. या भीतीला मुंबईत मोठा इतिहास आहे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापड गिरण्या संपामुळे बंद राहिल्या, त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशा स्वरूपाच्या नव्या कार्यपद्धती. मालकांच्या भाषेत ती कार्यक्षमता होती आणि कामगारांच्या हिशेबात एका विणकराची रोजीरोटी. आजही नवी पद्धत म्हटले की शॉपमध्ये पहिला हिशेब तोच मांडला जातो, आणि तो चुकीचा असेल तर तसे आकड्यांनिशी दाखवण्याची जबाबदारी बदल आणणाऱ्याची असते.

कायद्याची बाजूही इथेच तपासावी. कामाचे तास, पाळ्या, वेतनश्रेणी, शिस्तीचे नियम किंवा रूढ सवलती यांत बदल होणार असेल, किंवा यंत्रसामग्रीतील सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल, तर तो बदल लागू करण्यापूर्वी कामगारांना सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस थांबावे लागते. ही तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९ ए मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती कलम ४० मध्ये आहे. नुसता टॅबलेट बसवणे यात सहसा मोडणार नाही. पण त्या नोंदींवरून उद्या पाळ्या बदलणार असाल किंवा माणसे कमी करणार असाल, तर प्रश्न वेगळा होतो आणि सल्लागाराला आधीच विचारलेले बरे. मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिच्याशी झालेल्या करारातील कलमेही वाचावीत. करारात ‘सध्याची कार्यपद्धती’ असा शब्दप्रयोग असतो आणि तो नंतर आडवा येतो.

ठरवण्यात माणसे घ्या, आणि नेमके कशात ते सांगा

कामगारांना सहभागी करून घ्यावे हे सगळेच म्हणतात. सहभागाने नेमके काय बदलते, याचा एक जुना आणि अजूनही वाचण्यासारखा प्रयोग अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, मॅरियन गावच्या हारवूड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात झाला. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी त्याचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची पद्धत वारंवार बदलावी लागे, आणि प्रत्येक बदलानंतर कामगारांचा वेग घसरे व माणसे नोकरी सोडून जात. त्यांनी एका गटाला बदल आणि त्याचे कारण फक्त सांगितले, दुसऱ्या गटाच्या प्रतिनिधींना नवी पद्धत आखण्यात घेतले, आणि आणखी दोन लहान गटांतल्या सर्वांनाच आखणीत घेतले. पहिल्या गटाचे उत्पादन वर आलेच नाही आणि चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. प्रतिनिधी असलेला गट साधारण दोन आठवड्यांत सावरला. सर्वांना सामील केलेले गट त्याहून लवकर सावरले आणि आधीच्या पातळीच्या वर गेले. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग त्यानंतरचा वाटतो. सुमारे अडीच महिन्यांनी पहिल्या गटातले उरलेले तेरा कामगार एका नव्या कामावर नेताना त्यांनाही पूर्ण सहभाग दिला गेला, आणि तेच कामगार चांगले काम करू लागले. ‘आमची माणसेच तशी आहेत’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हे तेरा कामगार ध्यानात ठेवावेत.

आपल्या शेजारचे उदाहरण अहमदाबादचे आहे. तिथल्या कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग आल्यावरही उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका सुधारला नव्हता. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी पाहिले, तेव्हा २२४ मागांवर २९ कामगार बारा वेगवेगळ्या प्रकारची कामे करत होते आणि ठराविक मागांची जबाबदारी आपली आहे असे म्हणू शकेल असा एकही गट नव्हता. ठरावीक मागांचा संच एका गटाकडे सोपवण्याची कल्पना मांडताच सुपरवायझरांनी आणि कामगारांनी तिची मांडणी स्वतःच, फार थोड्या वेळात केली. घडी बसल्यावर कार्यक्षमता सरासरी ८० वरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने इथे कल्पना दिली. गट कोणाचा आणि कसा, हे काम करणाऱ्यांनी ठरवले.

आपल्या उदाहरणात हे असे करता येईल. टॅबलेट घ्यायचा की नाही हा प्रश्न खुला नसेल, तर तो खुला असल्याचे नाटक करू नये. लोक ते पहिल्याच बैठकीत ओळखतात आणि पुढचे काही ऐकत नाहीत. जे खरोखर खुले आहे त्याची यादी द्यावी: बंद वेळेच्या कारणांची यादी कोणती असावी, नोंद दर तासाला करायची की प्रत्येक थांब्यावर, पडद्यावरची भाषा कोणती, टॅबलेट मशीनच्या कोणत्या बाजूला बसवायचा, हातमोजे घालून तो चालतो का, नोंद चुकली तर दुरुस्ती कोण करणार, आणि सुरुवात कोणत्या मशीनपासून करायची. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत त्रासाच्या मशीनपासून सुरुवात केली तर पहिल्याच आठवड्यात पद्धत बदनाम होते आणि सर्वांत सोप्यापासून केली तर कोणाचाच विश्वास बसत नाही, म्हणून मधले एखादे निवडणे बरे.

समितीत सात-आठजण पुरेत. त्यात उघडपणे विरोधात बोलणारा एक जण हवाच. रात्रपाळीचा एक आणि कंत्राटी कामगारांपैकी एक असावा, शॉपमध्ये महिला कामगार असतील तर त्यांच्यापैकीही, आणि डायरीवाले सेटर असतील तर त्यांना बोलावून नव्हे, भेटून विनंती करावी. कंत्राटी कामगारांना वगळण्याची चूक सर्रास होते, वास्तविक अर्ध्याअधिक नोंदी अनेक ठिकाणी तेच करतात. त्यांच्यातले काही बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असतात, तेव्हा पडद्यावर मराठीबरोबर हिंदीही लागेल. बैठक पाळीच्या वेळेत, पगारी वेळेत, पाऊण तासाची घ्यावी. काय ठरले आणि काय मान्य झाले नाही, हे दोन्ही दुसऱ्या दिवशी फलकावर लावावे, आणि मान्य न झालेल्या सूचनेपुढे कारण लिहावे. हे कारण लिहिण्याचे काम बहुतेकजण टाळतात. समिती शोभेची आहे की कामाची, हे लोक त्यावरूनच ठरवतात.

वाईट बातमी वर येण्याचा रस्ता

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक मोटार कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि निकृष्ट गाड्या यांसाठी तो ओळखला जाई आणि १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. तरीही काही काळातच तिथल्या गाड्यांचा दर्जा नावाजला जाऊ लागला. त्या बदलातली एक गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, ती म्हणजे डोक्यावरची दोरी. अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने ती ओढावी, गटप्रमुखाने तत्काळ यावे, आणि ठरावीक वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबावी. दोरी कोणालाही विकत घेता येते. ती ओढल्यावर येणारा माणूस कोणत्या तोंडाने येतो, हे मात्र शिकवावे लागते.

म्हणून ऑपरेटरच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त वेळ सुपरवायझरच्या प्रशिक्षणावर घालवावा, आणि तो सॉफ्टवेअर शिकवण्यात नव्हे. समजा, पहिल्या आठवड्यात एक ऑपरेटर टॅबलेटवर ‘कास्टिंग नाही, ९५ मिनिटे’ अशी नोंद करतो आणि वर सांगतोही, “साहेब, दीड तास मशीन उभं होतं, कास्टिंगच आलं नाही.” यावर सवयीने निघणारे उत्तर असते, “मग आधी का नाही सांगितलंत? आता वरती मी काय सांगू?” हे ऐकणारा माणूस पुढच्या वेळी ‘टूल चेंज’ लिहितो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याऐवजी, “बरं झालं लिहिलंत, काका. किती वाजता संपलं होतं? स्टोअरला कोणी कळवलं होतं का?” असे विचारून ते तिथेच लिहून घेतले आणि पुढच्या पाळीपर्यंत त्या माणसाला उत्तर कळवले, तर दुसरी खरी नोंद येते. सुपरवायझरांना एकत्र बसवून अशा दहा-बारा प्रसंगांचा सराव जोड्या करून, मोठ्याने बोलून करावा. सुरुवातीला हसू येते, येऊ द्यावे.

सुपरवायझरची अडचणही समजून घ्यावी. खालून खरे आकडे येणार आणि वरून जुन्याच सुरात जाब विचारला जाणार असेल, तर त्या दोन्हींच्या मध्ये तोच भरडला जातो. वर्क्स मॅनेजरने संध्याकाळच्या बैठकीत ‘हे कोणामुळे झाले?’ हा प्रश्न आधी विचारणे थांबवले नाही, तर खाली कितीही सराव करून उपयोग होत नाही. पहिले दोन महिने बैठकीची सुरुवात ‘आज काय अडले आणि ते उघड्यावर कोणी आणले?’ या प्रश्नाने व्हावी, आणि ज्याच्या विभागात अडले त्याने काय केले ते सांगावे.

याबरोबर काही बंधने मालकांकडून आधीच लेखी घ्यावीत. टॅबलेटवरच्या बंद वेळेवरून कोणाचे वेतन, बक्षीस किंवा बढती पहिले सहा महिने ठरणार नाही. कमीत कमी बंद वेळ दाखवणाऱ्या पाळीला बक्षीस दिले जाणार नाही, कारण त्या बक्षिसाने आकडा कमी होतो आणि थांबा तसाच राहतो. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. पहिल्या महिन्यात बंद वेळ वाढलेली दिसेल आणि रिजेक्शनही कदाचित वाढलेले दिसेल, कारण आजवर ते लिहिलेच जात नव्हते. हे मालकांना, आणि आकडे पाहणाऱ्या ग्राहक कंपनीलाही, सुरुवातीपूर्वी सांगून ठेवावे. सांगितले नसेल तर महिनाअखेरीस घबराट होते, कोणीतरी ‘जरा नीट भरा’ असा निरोप खाली पाठवतो आणि पद्धत त्याच दिवशी संपते.

खऱ्या नोंदींतून पुढे आलेली निदान एक अडचण पहिल्या महिन्यात सुटलीच पाहिजे, आणि ती कामगारांना दिसेल अशी सुटली पाहिजे. गेज कमी पडत असतील तर आणखी एक संच मागवावा. रात्रपाळीत पहिला नग तपासायला कोणी नसेल तर एका सेटरला ती मान्यता द्यावी. अशी एखादी वस्तू शॉपमध्ये आली आणि ती आपल्या नोंदीमुळे आली हे लोकांना कळले, की भाषणाची गरज उरत नाही. याच सुमारास डायरीचा विषय काढावा. तिच्यातली माहिती सेटरच्या नावानिशी कामाच्या सूचनापत्रात घ्यावी, नव्या मुलांना शिकवण्याचे तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरावेत, आणि त्यासाठी काही भत्ता देता येत असेल तर तो या चर्चेतच ठरवावा.

दोन्ही पद्धती एकत्र किती दिवस

थोडे दिवस रजिस्टर आणि टॅबलेट दोन्ही चालवावे लागतात, पण याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. एका मशीनसाठी दोन-तीन आठवडे पुरतात. तारीख नसली की ऑपरेटर दुहेरी काम करत राहतो, त्याला त्याचा राग येतो आणि तो रास्त असतो. ठरलेल्या दिवशी रजिस्टर खरोखर उचलून अभिलेखात ठेवावे. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून टेबलावर ठेवलेले रजिस्टर आठवड्याभरात पुन्हा भरले जाऊ लागते. वीज किंवा नेटवर्क गेल्यावर काय करायचे, त्यासाठी क्रमांक टाकलेले सुटे कागद आणि ते कोणी कधी टॅबलेटवर चढवायचे हा नियम मात्र हवा. तो नसेल तर नेटवर्क गेल्याची सबब कायमची होते.

तक्रारींची बाकीची दारे

नोंदीचा रस्ता मोकळा करताना इतर रस्ते बंद असतील तर लोकांचा विश्वास बसत नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते, आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. शंभर किंवा अधिक कामगार असतील तर सरकार कार्य समिती स्थापन करायला सांगू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती अनिवार्य आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. या समित्या बहुतेक ठिकाणी फलकावर असतात. सदस्यांपैकी किती जणांची बदली झाली किंवा नोकरी संपली, एवढे जरी तपासले तरी त्या जिवंत आहेत की नाहीत ते कळते.

टिकले की नाही, हे कशावरून ओळखावे

टॅबलेटवर किती टक्के नोंदी झाल्या हा आकडा फारसा उपयोगाचा नाही, कारण तो शंभरपर्यंत नेणे सोपे असते. त्याऐवजी दरमहा कारणांचे वाटप पाहावे. दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवणारी कारणे लिहिली जात आहेत का? मिनिटांचे आकडे सत्तावीस, एकेचाळीस असे अवघड दिसतात की पुन्हा पंधरा आणि तीसवर आले आहेत? नोंद केल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती पाळ्या गेल्या? दोन महिन्यांतून एकदा एका पाळीत मशीनशेजारी उभे राहून स्वतः थांबे मोजावेत आणि त्या पाळीच्या नोंदींशी ताडून पाहावेत. मोजणी ऑपरेटरला सांगून करावी, चोरून नव्हे. निनावी प्रश्नावलीपेक्षा या ताळ्यातून जास्त कळते, असे माझे मत आहे.

सहसा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घसरण येते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, महिनाअखेरीचा डिस्पॅच तोंडावर असतो आणि कोणीतरी म्हणते, ‘एवढ्या पाळीपुरतं राहू दे.’ ही सवलत कोणी द्यायची हे आधी ठरलेले असावे. माझ्या मते ती फक्त वर्क्स मॅनेजरने, लेखी, कारणासह द्यावी, आणि अशा सवलती महिन्यात किती दिल्या ते फलकावर लावावे.

दुसरा धोका माणसे बदलल्यावर येतो. अहमदाबादच्या मागांची १९७० मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा गटपद्धत काही विभागांत टिकली होती आणि काही विभागांत विरून गेली होती. सतरा वर्षे हा मोठा काळ झाला. आपल्याकडे वर्क्स मॅनेजर तीन वर्षांत बदलतो आणि येताना आधीच्या कंपनीची पद्धत घेऊन येतो. म्हणून नव्या व्यवस्थापकाच्या किंवा सुपरवायझरच्या पहिल्या आठवड्याच्या कार्यक्रमात रात्रपाळीतले दोन पाळीबदल ठेवावेत, समितीतल्या दोन सदस्यांनी त्याला नोंदींची पद्धत मशीनवर दाखवावी, आणि मालकांनी दिलेल्या लेखी बंधनांची प्रत त्याच्या सहीसह फाइलला लावावी. त्याला पद्धतीत काही बदलायचे असेल तर त्याने ते समितीपुढे मांडावे, आणि तोवर संध्याकाळच्या बैठकीतला पहिला प्रश्न जसा आहे तसाच ठेवावा.